एकाच लॉटमधली निम्मी झाडं बसली, निम्मी पळाली: बॅगेतल्या झुडपांना वाढरोधक देताना नेमकं कुठे चुकतं

पावसाळा सरत आला की हा फोन ठरलेला. "ताई, दोनशे एक्झोरा होत्या, सगळ्यांना एकाच दिवशी औषध दिलं. आता निम्म्या कोबीच्या गड्ड्यासारख्या बसल्यात आणि निम्म्या कमरेपर्यंत गेल्यात. औषध डुप्लिकेट असेल का?"

डुप्लिकेट असतं तर सगळीच पळाली असती. एकाच बाटलीतून निम्मी बसली आणि निम्मी सुटली, म्हणजे औषध चोख आहे, ते पोचलं कमीजास्त. गेली काही वर्षं पुण्याजवळ उरुळी कांचनच्या पुढे आमची छोटी नर्सरी आहे. हा घोळ मी स्वतः दोनदा घातलाय आणि दुसऱ्यांचा तर कितीदा निस्तरलाय. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

आधी एक बारीक तक्रार. आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट "संजीवक" म्हणतात. जीए म्हणजे जिबरेलिक अॅसिड, तेही संजीवक आणि कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, तेही संजीवक. एक झाडाला ताणतं, दुसरं दाबतं. नावात जीव असल्यामुळे लोकांना वाटतं थोडं जास्त पडलं तर काय बिघडलं, टॉनिकच आहे. पॅक्लोब्युट्राझॉल टॉनिक नाही. झाड स्वतःपुरतं जिबरेलिन, म्हणजे लांब वाढवणारं संप्रेरक, तयार करतं, त्या साखळीतला एक टप्पा ते अडवतं. जिबरेलिन कमी पडलं की नव्या पेशी होतात, पण लांबत नाहीत. म्हणून पेर आखूड, पान लहान, जाड आणि गडद. झाडाला वाढायचं असतं, त्याला लांब होता येत नाही, एवढंच.

आधी बघा, हे खरंच औषधाचं काम आहे का

फोनवर फोटो आला की मी पहिल्यांदा विचारते, जास्वंद आहे का? जास्वंदीचा शेंडा गोळा होऊन आकसला असेल तर दहातल्या कित्येक वेळा आत गुलाबी मिलीबग निघतो. त्याच्या लाळेनं शेंडा वाकडा होतो, पानं चुरगळतात आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं कल्टार जास्त झालं. बोटानं शेंडा उकलून बघा, पांढरा कापूस आणि खाली गुलाबी ठिपके दिसले की विषय संपला. कोळीचंही तसंच. रुंद कोळी डोळ्याला दिसत नाही, भिंग लागतं. तो लागला की कोवळं पान कडक, काठ वळलेले, मागची बाजू तांबूस.

फरक ओळखायची माझी खूण अशी. किडीचं काम ठिपक्याठिपक्यानं होतं: एका झाडाचा एक शेंडा बिघडलेला, शेजारचा धड. औषधाचं काम सगळ्या शेंड्यांवर सारखं दिसतं आणि पान वेडंवाकडं होत नाही. लहान असतं, पण आकार शाबूत असतो.

दुसरी खूण याहून पक्की आहे आणि तिला फक्त शाळेची पट्टी लागते. एक फांदी घ्या आणि खालून वर पेरं मोजत जा. परवाच्या एका टिकोमात मला मिळालं: 4 सेंटिमीटर, 4.2, 3.8, मग एकदम 1.5, मग 6 मिलिमीटर, 4 मिलिमीटर, 4 मिलिमीटर. जिथे 3.8 वरून उडी पडली तिथे औषध झाडात पोचलं. त्या वरच्या पानांच्या जोड्या मोजल्या आणि टिकोमा आठवड्याला साधारण किती जोड्या टाकतो ते माहीत असलं, की तारीखसुद्धा काढता येते. मालक म्हणत होते, "आम्ही जूनमध्ये एकदाच दिलं." फांदी सांगत होती की ऑगस्टमध्ये पुन्हा कोणीतरी दिलंय. चौकशी केली तेव्हा धाकट्या भावानं कबूल केलं.

आणि एक तिसरा गुन्हेगार, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. काही बागांत वाढरोधक दिलेलंच नसतं आणि तरी रोपं बसतात. अशा वेळी मी बुरशीनाशकांची यादी मागते. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही सगळी पॅक्लोब्युट्राझॉलचीच भावकी. बुरशीत जसा एक टप्पा अडवतात तसा झाडातही थोडा अडवतात. पानावर एखादी फवारणी झाली तर कळतही नाही. पण पावसाळ्यात करपा आला म्हणून दर आठ-दहा दिवसांनी पंप मारला, त्यात पाणी बॅगेत गळेपर्यंत मारला, किंवा मूळकुजीला म्हणून यातल्याच कशाची आळवणी केली, म्हणजे मुळाशी ओतलं, की कोवळी रोपं बसतात. आणि हे झाल्यावर वरून कल्टार दिलं तर दोन्हींची बेरीज होते. ज्या लॉटला वाढरोधक द्यायचंय त्याला आधीचे काही आठवडे या गटातलं बुरशीनाशक देऊ नका. मँकोझेब किंवा कॉपर वापरा.

सगळ्यात मोठी चूक: पंपाला किती मिली?

कुठल्याही नर्सरीवाल्याला विचारा, कल्टार किती देता? उत्तर येतं "पंपाला दोन मिली" किंवा "पंपाला अर्धं झाकण". हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते हे: एका बॅगेत किती मिलिग्रॅम गेलं?

बाजारात मिळणारं 23 टक्क्यांचं द्रावण वजनावर मोजलेलं असतं. आकारमानानं ते लिटरला साधारण 250 ग्रॅम बसतं, म्हणजे 1 मिलीत 250 मिलिग्रॅम खरं औषध. 10 लिटर पाण्यात 1 मिली टाकलं की लिटरला 25 मिलिग्रॅम, म्हणजेच 25 पीपीएम. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढचा गुणाकार कोणी करत नाही. त्याच पाण्याचं 100 मिली एका बॅगेत ओतलं तर अडीच मिलिग्रॅम. 200 मिली ओतलं तर 5. कामावरच्या मावशींनी अख्खा मग, म्हणजे 400 मिली, ओतला तर 10. पंप तोच, मिली तेच आणि एका बॅगेला दुसरीच्या चौपट डोस.

फवारणीत पीपीएम महत्त्वाचं, कारण पान ओलं व्हायला जेवढं लागतं तेवढंच थांबतं, बाकीचं गळून जातं. आळवणीत ओतलेलं सगळं आत राहतं. म्हणून आळवणीत पीपीएम गुणिले पाणी, हाच डोस.

माझा स्वतःचा पहिला घोळ याच्याही आधीच्या पायरीवरचा. पंपाला 2 मिली ठरलं होतं. मी बाटली ठेवून आत गेले, मागे काम करणाऱ्यानं "छोटं झाकण" टाकलं. छोटं झाकण मोजून बघितलं ते नंतर: काठोकाठ 10 मिली. 15 लिटरच्या पंपात 33 पीपीएमच्या जागी 167 झालं. बॅगेत 200 मिली गेलं, म्हणजे सात मिलिग्रॅमच्या जागी 33. पंपभर पाण्यात पंचाहत्तर बॅगा होतात. असे दोन पंप गेले. पंधरा-वीस दिवसांनी मावशी म्हणाल्या, "ताई, ह्या वळीला काय झालंय? पेरच वाढंना." तेव्हा कुठे माझा हिशेब सुरू झाला.

तेव्हापासून आमच्याकडे झाकण बंद. मेडिकलमधली 5 मिलीची सिरिंज, सुई काढून टाकलेली, बाटलीला दोरीनं बांधलेली. आणि ओतायला पाण्याच्या बाटलीची बुडं कापून केलेली मापं, त्यावर 200 मिलीची रेघ मार्करनं मारलेली. मगाला हात लावायचा नाही.

बाटली हलवली का?

हसू नका. हे द्रावण म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण आहेत, विरघळलेलं काही नाही. बाटली कपाटात चार महिने उभी राहिली की औषध तळाला बसतं. पहिले डोस वरच्या पाण्याचे जातात, तेव्हा माणूस म्हणतो "यंदाच्या बाटलीत दम नाही" आणि डोस वाढवतो. मग तळाचं घट्ट येतं आणि वाढवलेल्या डोसमध्ये झाडं बसतात. बाटलीच्या तळाला काडी लावून काही घट्ट लागतंय का बघा. लागत असेल तर ते सुटेपर्यंत हलवा. पंपातही तेच. ओतताना मध्ये जेवायची सुट्टी झाली तर परत ढवळल्याशिवाय सुरू करू नका. ओळीच्या टोकाच्या बॅगा दरवेळी जास्त बसत असतील तर पंपाचा तळ तिथे ओतला गेला एवढंच त्याचं कारण असतं.

पाणी कुठून गेलं?

एक प्रयोग करून बघा, एक बॅग वाया जाईल पण डोळे उघडतील. एक कोरडी बॅग घ्या, त्यात निळ टाकलेलं पाणी 200 मिली ओता. पाच मिनिटांनी ब्लेडनं बॅग उभी चिरा. कोरडी माती आकसून प्लॅस्टिकपासून सुटलेली असते, त्या फटीतून निम्मं पाणी सरळ खाली जाऊन भोकातून बाहेर येतं. निळा रंग बाजूनं दिसतो, मध्ये माती कोरडी. आता दुसरी बॅग घ्या जिला आदल्या संध्याकाळी पाणी दिलंय. निळा थर वरून सारखा खाली उतरलेला दिसतो.

म्हणून आळवणी आदल्या संध्याकाळी पाणी दिलेल्या बॅगेत, दुसऱ्या दिवशी सकाळी. आत्ताच पाणी दिलेल्या चिंब बॅगेतही नाही, कारण मग जागाच नसते आणि औषध गळून जातं. खालून चार थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त झालं. आमची 8 बाय 10 इंचांची बॅग भरल्यावर अडीच लिटरच्या आसपास माती घेते, तिला 200 मिली बरोबर बसतं. 12 बाय 12 ला अर्थात जास्त लागेल. आणि तिथे मिलिग्रॅमचा गुणाकार पुन्हा करायचा.

आळवणीनंतर दोन दिवस पाइप धरून धो धो पाणी मारू नका. हे औषध सेंद्रिय पदार्थाला चिकटतं आणि बरंचसं वरच्या थरातच राहतं, सहजासहजी वाहून जात नाही. पण पहिल्या दिवशी त्याला चिकटायला वेळ तर द्या.

चिकटण्यावरून आठवलं. निम्मी-निम्मीचं हे अगदी सर्रास सापडणारं कारण आहे: एकाच लॉटच्या बॅगा दोन वेळा भरलेल्या. अर्ध्या भरताना शेणखत होतं, मग ते संपलं आणि उरलेल्या लाल माती आणि वाळूत भरल्या. शेणखत, कंपोस्ट, जुनी साल, जेवढा सेंद्रिय भाग जास्त तेवढं औषध त्यात अडकतं आणि मुळांना कमी मिळतं. लाल मातीच्या बॅगेत तेच 5 मिलिग्रॅम जोरात लागतं. वरून बघताना दोन्ही बॅगा सारख्याच दिसतात. नखानं माती उकरून वास घ्या, लगेच कळतं.

आंब्याच्या अनुभवावर बॅगेचा डोस काढू नका, हेही सांगायला हवं. कोकणातले पाहुणे सांगतात, "आम्ही तर हापूसला मीटरला 3 मिली देतो, तुम्ही थेंबाथेंबाचा हिशेब काय करता?" दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ती शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे, जुलै-ऑगस्टमध्ये, आणि ते औषध बुंध्याभोवतीच्या मोठ्या आळ्यात पसरतं. आंब्याची मुळं तिथून पुढे कितीतरी लांब गेलेली असतात. बॅगेतल्या एक्झोराला पळायला जागा नाही. तिची सगळी मुळं त्या अडीच लिटरमध्ये कोंडलेली असतात.

फवारणी करणाऱ्यांसाठी थोडंसं

पॅक्लोब्युट्राझॉल झाडात फक्त खालून वर जातं, मुळातून आणि खोडातून पाण्याबरोबर. पानावर पडलेलं पानातच राहतं, तिथून शेंड्याकडे येत नाही. म्हणून फवारायचंच असेल तर कोवळी खोडं ओली झाली पाहिजेत. वरून पानांवर धुकं मारून उपयोग नाही. उलट जो माणूस मन लावून गळेपर्यंत मारतो त्याच्या ओळीत फवारणीबरोबर आळवणीही होऊन जाते. दोन माणसांनी दोन ओळी मारल्या की दोन निकाल. मी झुडपांना फवारणी सोडूनच दिली.

दुसरं वाढरोधक सीसीसी, त्याचं उलटं आहे. लिहोसिन म्हणा किंवा क्लोरमेक्वाट, ते पानातून आत जातं, पण हळू. पान काही तास ओलं राहायला हवं. म्हणून संध्याकाळी, आणि सकाळपर्यंत वरून पाणी नाही. जास्वंदीवर ते छान चालतं. फक्त 50 टक्क्यांचं लिटरला 3 मिली घेतलं की 1500 पीपीएमच्या आसपास जातं आणि तिथून पुढे कोवळ्या पानांचे काठ पिवळे पडायला लागतात. ते बघून घाबरून लोह द्यायला धावू नका, पुढची पानं हिरवीच येतात. पिवळी झाली ती तशीच राहतील. गिऱ्हाईक पिवळं पान बघून किंमत पाडतं, म्हणून विक्रीच्या तोंडावर सीसीसी नको. मी लिटरला 2 मिलीच्या वर जात नाही, गरज वाटली तर तीन आठवड्यांनी परत.

घाई, हवामान आणि अंतर

आळवणी केली आणि दहाव्या दिवशी फांदी आणखी दोन बोटं वाढलेली दिसली, की माणसाचा धीर सुटतो. "लागलं नाही," म्हणून दुसरा डोस. पण झाडात आधी तयार झालेलं जिबरेलिन असतं, आणि ज्या पेशी लांबायला लागल्या त्या लांबणारच. नवा शेंडा आखूड दिसायला दोन-तीन आठवडे जातात. ते संपायच्या आत दिलेला दुसरा डोस पहिल्यावर बसतो आणि तीन महिने झाड हलत नाही. 

लांब झालेली पेरं आखूड होत नाहीत, हेही त्यातच आलं. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी छाटणी, मग नवी फूट दीड-दोन इंच होऊ द्या, तेव्हा औषध. कमरेपर्यंत गेलेल्या झाडाला औषध देणं म्हणजे बांबूच्या टोकाला झाडू बांधणं. खाली उघडी लांब काठी आणि वर गुच्छ. असा माल कोणी घेत नाही.

जून-जुलैचा डोस नोव्हेंबरला देऊ नका. पावसाळ्यात ऊब असते, ढगाळ हवेत झाडं आपोआप ताणतात, औषध जास्त लागतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत एक्झोरा आणि हॅमेलिया तशाही झोपलेल्या असतात. तेव्हा अर्धा डोससुद्धा मार्चपर्यंत पुरतो.

आणि आता खरं सांगू का? मला दाखवायला आणलेल्या पळालेल्या लॉटांतल्या बऱ्याच लॉटांना औषधाची गरजच नव्हती. बोगनवेल 75 टक्के शेडनेटखाली, बॅगेला बॅग चिकटून आणि दर आठवड्याला 19:19:19 खत. ती उजेडाकडे पळणार नाही तर काय करणार? तिला उन्हात काढा, दोन बॅगांमध्ये एक बॅग बसेल एवढी जागा सोडा, नत्र कमी करा आणि दोन पाण्यांतलं अंतर वाढवा. पेर आपोआप कमी होतं, वर फूलही येतं. टिकोमा, कण्हेर, बोगनवेल यांना मी आता वाढरोधक जवळजवळ देतच नाही. औषध देते ते एक्झोरा, जास्वंद आणि कधीमधी तगरीला, तेही ज्या ऑर्डरीला सारख्या उंचीचा माल हवा असतो तेवढ्यालाच. जागा महाग आहे हे मान्य. पण गच्च लावलेल्या दोनशेतल्या शंभर विकल्या जात नसतील तर जागा वाचली कुठे?

डोस कसा ठरवायचा

दुसऱ्याच्या नर्सरीतला आकडा उचलू नका, माझासुद्धा. माती वेगळी, बॅग वेगळी, जात वेगळी. दहा-दहा बॅगांच्या चार ओळी करा. त्यांना बॅगेमागे 0, 2, 4 आणि 8 मिलिग्रॅम द्या. सिरिंजनं इतकं बारीक मोजता येत नाही, म्हणून आधी 1 लिटर पाण्यात 1 मिली औषध टाकून आईद्रावण करा. ते 250 पीपीएम होतं. त्यातलं 80 मिली घेऊन पाणी घालत 2 लिटर करा: 10 पीपीएम, दहा बॅगांना 200-200 मिली, प्रत्येकीला 2 मिलिग्रॅम. दुसऱ्या ओळीला 160 मिली, तिसरीला 320. नुसत्या पाण्याची ओळ विसरू नका. तीच सगळ्यात कामाची, कारण तिच्याशिवाय "औषधानं झालं की थंडीनं" हे भांडण मिटत नाही. सहा आठवड्यांनी पट्टी घेऊन बसा.

बसलेलं झाड उठवायचं कसं

पुन्हा छाटू नका. मुळाशी औषध आहे तोवर नवी फूटही तशीच बुटकी येते आणि होती ती पानंही जातात.

जीए3 चालतं, पण इथे एक मोठी गंमत आहे. दुकानात मिळणारं तयार पातळ जीए बहुतेक वेळा 0.001 टक्क्याचं असतं. हिशेब करा: ते बाटलीतच 10 पीपीएम आहे. त्यातलं 2 मिली लिटरभर पाण्यात टाकलं की 0.02 पीपीएम. त्यानं बसलेलं झाड हलणार नाही, आणि मग लोक म्हणतात जीएचा उपयोग होत नाही. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षवाले वापरतात ती पावडर घ्या. 90 टक्क्यांची 1 ग्रॅम पावडर 90 लिटरला 10 पीपीएम होते. पाण्यात ती नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची. सुरुवात 5 पीपीएमनं, पाच-सात झाडांवर, संध्याकाळी. आठवडाभर थांबा. पेर सुटायला लागलं तर बाकीच्यांना. एकदम 50 मारलं तर झाड फिकट, लुळं होतं आणि फूल लांबतं, म्हणजे एका घोळावर दुसरा.

झाकणाच्या घोळातल्या माझ्या त्या दीडशे एक्झोरांपैकी ज्यांना जीए दिलं आणि मोठ्या बॅगेत शेणखताच्या नव्या मातीत हलवलं, त्या पुढच्या पावसाळ्यात चालू लागल्या. नवी मुळं नव्या मातीत गेली की झाड सुटतं, हे त्यात दिसलं. जुन्याच बॅगेत ठेवलेली ओळ वर्षभर तशीच होती.

जुनी माती

मेलेल्या, न विकलेल्या बॅगा रिकाम्या करून माती परत ढिगात टाकायची आपली सवय आहे. पॅक्लोब्युट्राझॉल मातीत महिनोन्‌महिने टिकतं. ती माती हंगामी फुलांच्या पिशव्यांत गेली की पिटुनिया आणि झेंडू बसतात आणि आपण बियाणेवाल्याला शिव्या देतो. संशय आला तर सोपी चाचणी आहे. दोन डब्यांत, एकात संशयित माती, दुसऱ्यात नक्की कोरी, काकडीच्या दहा-दहा बिया लावा. काकडी या औषधाला फार हळवी. दहा-बारा दिवसांत जुन्या मातीतली रोपं आखूड दांड्याची आणि काळपट हिरवी दिसली की ती माती बाजूला काढा.

ती परसबागेच्या वाफ्यात टाकू नका. आणि ही औषधं कढीपत्ता, तुळस, लिंबू अशा खायच्या झाडांच्या बॅगांजवळ नकोत. 2010 साली युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश निघाले आणि निर्यातदारांचं काय झालं ते नाशिकवाल्यांना विचारा. शोभेच्या झाडाला अंशांची अशी तपासणी नसते, म्हणून आपण बेफिकीर होतो. पण घरी नेणारी बाई कुंडीतल्या त्याच मातीत उद्या पुदिना लावते.

विकत आणलेला माल

शेवटचा प्रकार त्यांच्यासाठी ज्यांनी औषधाला हातही लावला नाही. आंध्रातल्या कडियमकडून किंवा आपल्याच सोलापूर रस्त्यावरून गाडीभर माल आणला, गोल, गच्च, फुलांनी भरलेला, आणि तो सहा महिने तसाच. हा माल आजारी नाही, दाबलेला आहे. खत वाढवून तो उठत नाही, उलट मीठ साचून मुळं जळतात. जमिनीत लावायचा असेल तर लावून टाका, मुळं गड्ड्याबाहेर निघाली की एखाद्या हंगामात चालू लागतो. कुंडीत ठेवायचा असेल तर मोठ्या कुंडीत हलवा. कुंपणासाठी घेणाऱ्यानं तर आधीच विचारावं, कारण कुंपण वाढायला हवं असतं आणि त्याला दाबलेला माल विकणं ही सरळ फसवणूक आहे.

आमच्याकडे आता औषध दिलेल्या ओळीच्या पहिल्या बॅगेत एक पट्टी खोचलेली असते: तारीख, कुठलं औषध, बॅगेमागे मिलिग्रॅम. पट्टी मावशी लिहितात, कारण माझं अक्षर त्यांना लागत नाही.